पाणशिंग्याचं पाणी

एकदा काय झालं, माघ वद्य सप्तमी होती. पहाटे दहिवर पडलं होतं, दुपारचं ऊन कोरडं होतं, वारा पडलेला होता आणि आभाळात ढग म्हणाल तर एकही नाही. गोष्टीत तारीख कशाला, असं विचारतोस केदार? अरे, ही पाण्याची गोष्ट आहे. पाण्याच्या गोष्टीत महिना कोणता ते आधी कळायला हवं. भाद्रपदात झरा आटला तर माणूस वर आभाळाकडे बघतो. माघात आटला तर कुठे बघणार? हं, पाय आत घे. पांघरूण शमीकडे थोडं सरकव. आता ऐका.

डोंगराच्या खांद्यावर एक वाडी होती. खैरटेंभ तिचं नाव. बत्तीस घरं. आदल्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि वाडीचा जुना झरा तिच्याखाली गाडला गेला. मग काय, बाया डोंगर उतरून दोन कोस खाली नदीवर जायच्या आणि डोक्यावर हंडे घेऊन वर यायच्या. सकाळी निघालेली बाई दुपारी घरी. आलेल्या पाण्यातलं अर्धं तिलाच प्यायला लागायचं. वाडीचे पाटील होते रावबा. त्यांनी सगळ्यांना पारावर बोलावलं आणि सांगितलं, "असं फार दिवस चालायचं नाही. पाणी मिळालं नाही तर वाडी उठवावी लागेल. कुणी मामाकडे जावं, कुणी सासुरवाडीला जावं. मी मेव्हण्याकडे जाईन. तो मला दारात उभा करणार नाही, पण बघू."

त्याच वाडीत साळू गुरवीण राहायची. एकटीच. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. देऊळ म्हणावं तर वाडीत एक शेंदूर फासलेला दगड होता, त्यामुळे गुरवपणाचं काम ते किती असणार? साळू रानात जायची, पळसाची पानं तोडायची, त्यांच्या पत्रावळ्या लावायची. कुणाचं बारसं असो, बारावं असो, पत्रावळी साळूची. तिच्या पत्रावळीतून आमटी कधी गळायची नाही. पण बरं का, लोकांना पत्रावळीच तेवढी आठवायची. लोक हाक मारायचे, "ए साळे, पन्नास लाव ग." जेवणाच्या पंगतीत तिला जागा मिळायची ती शेवटची, खरकटी काढणाऱ्यांच्या जवळ.

तर त्या सप्तमीला साळू पानं तोडायला गेली. पळसाची पानं गळून जायच्या आत जेवढी मिळतील तेवढी घ्यायची होती. ऊन कलायला लागलं होतं. ती एका काळ्या कातळाजवळ पानांचा गठ्ठा बांधत बसली, आणि तिला कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. इथे कुत्रं कुठून आलं? तिने मान वर केली. समोर कुत्रं नव्हतं. समोर पाणशिंगा उभा होता.

दिसायला कसा? सांगते. शेळीएवढा उंच. अंगाचा रंग वाळक्या पानासारखा. पाठीवर पांढरे ठिपके. डोक्यावर चार शिंगं, दोन कानांमध्ये उभी आणि दोन कपाळावर, अंगठ्याएवढी. आणि त्या पुढच्या दोन शिंगांच्या टोकावर, भर उन्हात, पाण्याचा एकेक थेंब.

शमे, हसू नकोस. पाणशिंगा खरा नसतो, हे मी आत्ताच सांगते, नाहीतर उद्या तुम्ही शाळेत बाईंना विचाराल आणि बाई मला विचारतील. पण तो उगाच हवेतूनही आलेला नाही. आपल्या रानात चौशिंगा म्हणून खरंखुरं जनावर आहे. हरणासारखं दिसतं, आणि त्याच्यातल्या नराला चार शिंगं असतात. त्याला पाण्यावाचून करमत नाही, म्हणून ते पाण्यापासून फार लांब जात नाही. भेकर म्हणून दुसरं एक आहे. ते घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. सांबर धोका दिसला की पुढचा पाय जमिनीवर आपटतं. आणि पिसोरी म्हणून एवढंसं हरीण असतं, सशापेक्षा थोडं मोठं, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके. ते इतकं लाजरं की जन्मभर रानात राहिलेल्या माणसाला एकदा दिसलं तर दिसलं. आता कुणीतरी एकाची शिंगं घेतली, दुसऱ्याचा आवाज घेतला, तिसऱ्याचा पाय, चौथ्याचे ठिपके आणि लाज, आणि सगळं एकत्र केलं. झाला पाणशिंगा. शिंगावरचा थेंब तेवढा गोष्टीतला.

मग पाणशिंग्याने साळूकडे पाहिलं. साळू हलली नाही. पाणशिंग्याने कातळाच्या पायथ्याशी पुढचा पाय आपटला. एकदा आपटला, माती ओली झाली. दुसऱ्यांदा आपटला, माती भिजून चिखल झाली. तिसऱ्यांदा आपटला, आणि कातळाखालून बुडबुड करत पाणी वर आलं. पाणशिंगा मान खाली घालून प्यायला. पोटभर प्यायला. आणि करवंदाच्या जाळीतून निघून गेला.

साळू पानांचा गठ्ठा तिथेच टाकून वाडीकडे पळाली.

लोक आले, पाहतात तर काय, कातळाखाली डोह भरलेला. रावबा पाटील धोतर खोचून आत उतरले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. थंड आणि गोड पाणी. बायांनी हंडे भरले. म्हाताऱ्यांनी तोंडं धुतली. त्या दिवशी वाडीत बऱ्याच महिन्यांनी सगळ्यांनी आंघोळ केली, काहींनी दोनदा केली.

साळूने सगळं सांगितलं. तेव्हा रावबा म्हणाले, "हा साधासुधा प्राणी नव्हे. हा देव आहे. देवाचं करायला नको?"

इथेच घोटाळा झाला, बरं का. पण त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं. आपल्याला कुणी काही दिलं की आपण हात जोडतो, तसे त्यांनी जोडले.

पहिल्यांदा काय केलं, तर जिथे पाणशिंग्याने पाय आपटला होता त्या दगडाला शेंदूर फासला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. रोज संध्याकाळी सगळी वाडी तिथे दर्शनाला जमायला लागली. टाळ आले, मुलं आली, मुलांच्या मागून कुत्री आली. पंधरा-वीस दिवसांत पाणी छातीवरून कमरेवर आलं.

रावबा म्हणाले, "सेवा कमी पडते आहे."

मग होळीच्या दिवशी कातळाला लागून चार खांब रोवले, वर छप्पर घातलं. रोज संध्याकाळी ऊद जाळायला लागले. इतका जाळायचे, की धूर करवंदाच्या जाळीपर्यंत जायचा. पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं.

रावबा म्हणाले, "अजून कमी पडते आहे."

मग ही बातमी डोंगराखालच्या राजाच्या कानावर गेली. राजा स्वभावाने चांगला होता, फक्त त्याला सगळं मोठं लागायचं. ताट मोठं, पगडी मोठी, जांभई मोठी. त्याने गुढीपाडव्याला एक घंटा पाठवली. सहा माणसं ती काठीला बांधून वर घेऊन आली. एकदा वाजवली की तिचा आवाज खालच्या नदीपर्यंत जायचा. घंटेबरोबर राजाने एक हिरवं लुगडं पाठवलं, जरीच्या काठाचं, आणि निरोप पाठवला, "ज्या बाईला देव दिसला तिने हे नेसावं आणि घंटेचा मान तिचा."

आता बघा. ती साळू, जिला पंगतीत शेवटी बसवायचे, ती हिरवं लुगडं नेसून घंटेखाली उभी राहिली. लोक तिच्या पायाशी नारळ ठेवायला लागले. नैवेद्याचं पहिलं ताट तिला. तिला रानात जावं लागेना, कारण पानं तोडायला आता दुसऱ्या बाया जायच्या. कुणी "ए साळे" म्हणेना. सगळे म्हणायचे "साळूबाई". पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी साळूबाई आली की काय ते बघायला.

तिला हे आवडलं. का आवडणार नाही?

पण पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आलं. चैत्र संपत आला. ऊन असं, की दगडावर पाय ठेवला तर चटका बसावा. रावबांनी आरती दिवसातून तीनदा केली. घंटा आधी अकरा वेळा वाजवायचे, ती एकवीस वेळा वाजवायला सांगितलं. आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं, "अक्षय तृतीयेला राजेसाहेब स्वतः दर्शनाला येणार आहेत. तोपर्यंत झरा भरला तर ठीक. नाही भरला तर दुसऱ्या दिवशी वाडी उठवायची."

राजा येणार म्हणजे जेवणावळ आली. जेवणावळ म्हणजे पत्रावळ्या. बाकीच्या बायांनी लावलेल्या पत्रावळ्यांतून पाणी गळायचं, तर आमटी काय राहणार? मग रावबा साळूकडे आले. तेही जरा चाचरत. म्हणाले, "साळूबाई, तुम्हाला सांगणं बरं दिसत नाही. पण राजेसाहेबांच्या मांडीवर आमटी सांडली तर माझी पाटीलकी जाईल."

साळू हसली. म्हणाली, "लावते की." तिने लुगडं खुंटीवर ठेवलं, जुनं नेसली आणि रानात गेली. महिन्याभराने गेली, बरं का. पळसाला नवी पानं आली होती, मऊ, तळहाताएवढी. ती उतारावर बसून पानं निवडायला लागली. खाली कातळ दिसत होता, छप्पर दिसत होतं, घंटा दिसत होती.

ऊन कललं. आणि करवंदाच्या जाळीतून पाणशिंगा बाहेर आला.

साळूने त्याला ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. तो इतका वाळला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात. शिंगांच्या टोकावरचा थेंब गेला होता. तो पाण्याकडे निघाला. चार पावलं गेला, तर खालून शेंदराची वाटी आणि टाळ घेऊन माणसं आली. पाणशिंगा वळला आणि जाळीत शिरला.

थोड्या वेळाने पुन्हा आला. आता ऊद पेटला होता. धूर वर चढत आला. पाणशिंगा शिंकला आणि मागे फिरला.

तिसऱ्यांदा आला. या वेळी तो जवळजवळ पाण्यापर्यंत पोचला होता. जीभ बाहेर आली होती. साळूच्या जागी त्या दिवशी घंटा वाजवायला पाटलीणबाई होत्या, ठकूबाई. त्यांचं मन कधीपासून त्या घंटेवर होतं. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी दोर धरला आणि अशी घंटा वाजवली, की साळूच्या मांडीवरची पानं थरथरली. पाणशिंगा कुत्र्यासारखा भुंकला आणि उड्या मारत डोंगरापलीकडे दिसेनासा झाला.

साळू बसूनच राहिली. तिला सगळं कळलं. झरा त्याने उघडला होता, स्वतःला प्यायला. तो पीत होता तोवर पाणी वर येत होतं. त्याला पिऊ दिलं नाही, तर पाणी खाली जात होतं.

मग त्याने दुसरीकडे पाय का नाही आपटला? चांगलं विचारलंस शमे. साळूनेही तेच स्वतःला विचारलं. पण पाणशिंग्याची रीतच तशी. एक पाणी उघडं असताना तो दुसरं उघडत नाही. लोभी नसतो तो.

साळू खाली आली. कुणाला काय म्हणाली? काहीच नाही.

हो, काहीच नाही म्हणाली. कारण तिने मनात सगळं मांडून पाहिलं होतं. हे सांगायचं म्हणजे घंटा उतरवायची, छप्पर काढायचं, ऊद बंद, आरती बंद. मग हिरवं लुगडं कशासाठी? पहिलं ताट कशासाठी? साळूबाईची पुन्हा साळी होणार. पहिला दिवस ती गप्प राहिली. दुसरा दिवस गप्प राहिली. पाणी ओंजळभर उरलं. बाया वाटीने हंडा भरायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, शेजारची गजरा तिच्या दारात आली. गजरा आणि साळू एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या होत्या. एकीची चूल विझली तर दुसरीच्या चुलीतून विस्तव न्यायचा, इतक्या जवळच्या. गजराने डोक्यावरून दगडी पाटा आणला होता. तो तिने ओटीवर ठेवला आणि दम खात म्हणाली, "हा तुम्ही ठेवा साळूबाई. वाडी उठली तर एवढा जड पाटा कुठे वाहून नेऊ? तुम्ही काही देवाला सोडून जाणार नाही, तुमच्याजवळ राहील."

साळू म्हणाली, "गजरे, तू मला तुम्ही म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"कधीपासून म्हणतेस?"

"तुम्ही देवाच्या झालात तेव्हापासून. तुमच्या लक्षात आलं नाही?"

"भांडलीस तरी तुम्हीच म्हणशील?"

गजरा म्हणाली, "देवाच्या माणसाशी भांडतात का कुणी? मी भांडणच सोडलं." आणि ती परत निघाली. निघताना वाकून पाया पडली.

गजरा दारातून गेली आणि साळू उठली. खुंटीवरचं लुगडं घेतलं आणि तडक पारावर गेली. रावबा तिथे मांडवाचे खांब मोजत उभे होते. चार माणसं होती, ठकूबाई होत्या. साळूने सगळ्यांसमोर सांगितलं, काय पाहिलं ते. आणि दोन दिवस गप्प बसले, हेही सांगितलं.

रावबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे आपण देवाची पूजा करून देवाला उपाशी ठेवलं?"

"उपाशी नाही, तहानलेला."

ठकूबाई म्हणाल्या, "मी घंटा हळूच वाजवली होती."

एका माणसाने नकळत कान चोळला.

रावबा म्हणाले, "हे बघ साळू, तुझं खरं असेलही. पण घंटा राजाची आहे. उद्या ते येणार, आणि आपण घंटा उतरवायची? त्यांनी विचारलं तर?"

"मी सांगीन."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर मला वाडीतून घालवा. नाहीतरी वाडी उठणारच आहे. मी एक दिवस आधी जाईन."

तरीही कुणी घंटेला हात लावायला धजेना. सहा माणसांची घंटा एकटी बाई कशी उतरवणार? मग साळूने काय केलं? ते जरीकाठी नऊवारी लुगडं घेतलं, घंटेच्या आत लोलकाला गच्च गुंडाळलं आणि उरलेलं बाहेरून बांधून टाकलं. घंटा लुगडं नेसून उभी राहिली. मग साळूने उदाची भांडी पालथी घातली, दगडावरचा शेंदूर मातीने घासून काढला आणि टाळ रावबांच्या घरी नेऊन दिले. लोक लांब उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. हवा सकाळपासून कोंदट, वारा नाही, ऊन पांढरं. राजा वर आला. पुढे चोपदार, "महाराज येत आहेत" असं ओरडत. मागे हुक्का घेतलेला माणूस. आणि राजाच्या पायात नवे जोडे, चालताना करकर वाजणारे. राजा कातळाजवळ आला, घंटेकडे बघितलं, घंटेभोवती एक फेरी मारली.

"हे लुगडं मी बाईला नेसायला दिलं होतं," तो म्हणाला.

साळू पुढे झाली. "होय महाराज. पण माझ्यापेक्षा हिला झाकून घ्यायची जास्त गरज होती."

रावबांनी डोळे मिटून घेतले.

राजाने मात्र डोळे बारीक केले. "का?"

मग साळूने राजालाही सगळं सांगितलं. राजाने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "म्हणजे माझ्या घंटेमुळे पाणी आटलं, असं तुझं म्हणणं?"

"घंटेमुळे, धुरामुळे आणि आमच्या सगळ्यांच्या गर्दीमुळे. घंटा तुमची, बाकीचं आमचं. आज दिवेलागणीपर्यंत माझ्याबरोबर वर बसा. पाणशिंगा आला नाही तर मी खोटी. मग मला हवी ती शिक्षा करा."

राजाला मोठमोठ्या गोष्टी आवडायच्या, पण पैज त्याहून जास्त आवडायची. तो म्हणाला, "बसतो."

"मग चोपदारांना खाली पाठवा."

राजाने चोपदारांना खाली पाठवलं.

"हुक्काही पाठवा."

राजाने मोठा उसासा टाकला. हुक्का पाठवला.

"आणि जोडे काढा."

आता राजा आणि अनवाणी? रावबांना घाम फुटला. राजाने आपल्या पायांकडे बघितलं, साळूकडे बघितलं, आणि दगडावर बसून जोडे काढले. म्हणाला, "तसेही चावतच होते."

मग वाडीतल्या सगळ्यांनी आपापल्या घरात जाऊन दारं लावली. रडणाऱ्या पोरांच्या तोंडात गूळ दिला. कुत्र्यांना बांधून भाकरी टाकली. उतारावर, जाळीच्या आडोशाला, राजा आणि साळू बसले. वर एक चिंचेचं झाड होतं, त्याची जेमतेम सावली. दुपार झाली. राजाला भूक लागली. साळूने त्याला पिकलेली करवंदं तोडून दिली. राजाने पगडीभर करवंदं खाल्ली, ओठ काळेनिळे झाले. मग त्याला झोप आली. मग पायाला मुंग्या चावल्या. त्याने साळूला कुजबुजत विचारलं, "तू रोज एवढा वेळ न बोलता बसतेस?"

"पानं तोडताना कुणाशी बोलणार महाराज?"

"खरं आहे," राजा म्हणाला. आणि त्याच्याच्याने जमलं तेवढा वेळ गप्प बसला.

ऊन कललं. कुणी आलं नाही. ऊन डोंगरामागे गेलं. तरी कुणी आलं नाही. साळूच्या मनात आलं, तो कायमचाच गेला असला तर? मग मी काय सांगणार, गजराला काय सांगणार?

आणि मग जाळी हलली.

पाणशिंगा बाहेर आला. थांबला. कान इकडे केले, तिकडे केले. टाळ नाही. पुढे आला. नाक वर करून हुंगलं. धूर नाही. आणखी पुढे आला. छपराखाली टांगलेल्या त्या मोठ्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. घंटा गप्प होती. मग तो ओंजळभर पाण्याशी वाकला आणि जिभेने चाटून प्यायला. ते संपलं. दगड कोरडा पडला. त्याने पुढचा पाय उचलला आणि आपटला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

पाणी आलं. बुडबुड करत घोट्यापर्यंत आलं. पाणशिंगा पीत राहिला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. त्याच्या पुढच्या शिंगांच्या टोकांवर एकेक थेंब चमकला. राजाने तोंड उघडलं. त्याला मोठ्याने "शाब्बास" म्हणायचं होतं, हे साळूने ओळखलं आणि तिने सरळ राजाच्या तोंडावर हात ठेवला. राजाच्या तोंडावर, बरं का. आणि राजाने तो ठेवू दिला. डोळे मोठे करून, नाकाने श्वास घेत, तो बघत बसला. पाणशिंगा पोट भरेपर्यंत प्यायला, अंग झटकलं आणि जसा आला तसा जाळीत गेला. तोपर्यंत पाणी कमरेएवढं झालं होतं.

मग साळूने हात काढला. राजा हळूच म्हणाला, "शाब्बास."

दुसऱ्या दिवशी घंटा उतरवली. आणायला सहा माणसं लागली होती, उतरवायलाही सहाच लागली, आणि त्यांतला एक राजा होता. घंटा परत खाली गेली. छप्पर काढलं, त्याचे खांब रावबांनी गोठ्याला लावले. वाडीने एक नियम केला. पाणी सकाळी भरायचं. दुपारची सावली कातळावर आली की झऱ्याकडे कुणी जायचं नाही, तिकडे ओरडायचं नाही, तिकडे धूर करायचा नाही. हात जोडायचे असतील तर आपल्या अंगणातून जोडायचे.

साळूचं लुगडं घंटा उतरवताना दोरांवर घासून मधोमध फाटलं होतं. तिने त्याच्या दोन गोधड्या शिवल्या. ती पुन्हा पळसाच्या पत्रावळ्या लावायला लागली. पहिलं ताट गेलं. राजाने दरवर्षी तिच्याकडून शंभर पत्रावळ्या मागवल्या आणि त्या न्यायला तो दरवर्षी स्वतः, अनवाणी, वर यायचा आणि दुपारभर न बोलता बसून जायचा. आणि त्याच वैशाखात एक दिवस गजरा आणि साळू कुंपणावरून कडाकडा भांडल्या. गजरा म्हणाली, "तू लबाड आहेस साळे." साळू म्हणाली, "तूच लबाड." आणि दोघी जेवायला बसल्या.

झोपलास का केदार? शमे, तू तरी डोळे मीट. दिवा बारीक करते.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, ज्येष्ठ वद्य द्वादशीला. तोवर झऱ्यात कमरेएवढं पाणी होतं. बत्तीस घरांपैकी एकही घर डोंगर उतरलं नाही.